भूतानची व्हिस्की आणि वर्ध्याचा पत्ता

वर्ध्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरातली सहा माणसं ऑक्टोबरमध्ये भूतानला निघाली आहेत: त्या स्वतः, यजमान, एक्क्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, दीर-जाऊबाई आणि लेकीचा सात वर्षांचा मुलगा. बंगालच्या सीमेवरच्या जयगावहून पलीकडच्या भूतानी फुंटशोलिंगमार्गे आत जायचं, चार रात्री राहायचं, त्याच वाटेने परत. पुढे न्यू जलपाईगुडीहून हावडा आणि हावड्याहून वर्धा, सगळा प्रवास रेल्वेने. पुण्यात नोकरी करणाऱ्या तेवीस वर्षांच्या पुतण्याने भूतानची के-५ व्हिस्की मागवली आहे. दिरांना तिथली घरगुती दारू ‘आरा’ही आणायची आहे. ताई लिहितात: “भाऊजी म्हणतात, भूतानला व्हिसा लागत नाही म्हणजे कस्टम्सही नाही. कपड्यांत गुंडाळून आणू, सासूबाईंच्या आणि नातवाच्या बॅगेतही एकेक टाकू. मला धाकधूक वाटते. आधार कार्डावर जाता येईल का, आणि बाटल्या किती आणता येतील, हे कृपया सांगा.”

ताई, तुमची धाकधूक बरोबर आहे. पण आधी कागदांचं बघू, कारण ते चुकले तर बाटलीचा प्रश्नच उरणार नाही, तुम्ही फुंटशोलिंगच्या खिडकीवरूनच माघारी याल.

आधार कार्ड भूतानमध्ये प्रवेशासाठी चालत नाही. भारतीय माणसाला दोनच कागद चालतात: किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. तुमच्या सासूबाईंकडे पासपोर्ट नसेल तर त्यांचं व्होटर कार्ड आजच कपाटातून काढा आणि उजेडात धरून बघा. जुनी कार्डं इतकी पुसट झालेली असतात की फोटो कुणाचा हे घरच्यांनाही सांगता येत नाही. तसं असेल तर नवं कार्ड आत्ताच मागवा, ऑक्टोबर लांब वाटतो पण नसतो. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका, मूळ कार्ड जवळ ठेवा.

दुसरं, नावं. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत हा घोळ हमखास होतो. व्होटर कार्डावर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, तिकिटावर नुसतं पहिलं नाव आणि आडनाव. भूतानच्या प्रवेश परवान्याच्या, म्हणजे परमिटच्या, अर्जात तेच नाव लिहा जे तुम्ही दाखवणार त्या ओळखपत्रावर आहे, अक्षरन् अक्षर तसंच. हॉटेलचं आरक्षणही त्याच नावाने करा.

नातवासाठी पासपोर्ट नसेल तर मूळ जन्मदाखला लागेल, तोही इंग्रजीत असलेला बरा. आपल्या नगरपालिकांचे दाखले हल्ली मराठी-इंग्रजी दोन्हींत असतात, जुना फक्त मराठीत असेल तर बदलून घ्या. आणि तो आई-वडिलांशिवाय येतो आहे, म्हणून लेक आणि जावई दोघांच्या सहीचं संमतिपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती सोबत ठेवा. आजी-आजोबा नातवाला घेऊन जाताहेत यात कुणाला काही वावगं वाटणार नाही, पण सीमेवरच्या माणसाला तुमच्या घरातली नाती माहीत नसतात. त्याला कागदच दिसतो.

पैशांचा अंदाज असू द्या. भूतान सरकार भारतीय पर्यटकाकडून दर रात्री माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क घेतं, सप्टेंबर २०२२ पासून. सहा ते बारा वयाच्या मुलांना निम्मं, सहाच्या आतल्यांना माफ. म्हणजे तुमच्या सहा जणांचे रात्रीचे ६,६०० आणि चार रात्रींचे २६,४०० रुपये, राहण्या-खाण्याच्या खर्चावेगळे. टूर कंपनीने सांगितलेल्या रकमेत हे धरलेले आहेत का, हे स्पष्ट विचारून घ्या. परमिटचा अर्ज ऑनलाइन आधी भरून ठेवला तर सासूबाईंना खिडकीसमोर ताटकळावं लागणार नाही. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असतं, तेव्हा कार्यालयाच्या वेळा त्यांच्या घड्याळाने मोजा.

आता भाऊजींचं म्हणणं. ते चुकीचं का आहे हे मी जरा सविस्तर सांगते, कारण ही समजूत फक्त त्यांची नाही. जयगाव आणि फुंटशोलिंग एकमेकांना चिकटून आहेत. मध्ये एक रंगीत कमान, इकडे बंगालमधला गजबजलेला बाजार, तिकडे स्वच्छ रस्ते. भारतीयांच्या पासपोर्टवर आपल्या बाजूने शिक्का बसत नाही, व्हिसा नाही, रुपया चालतो. त्यामुळे आपण दुसऱ्या देशात गेलो होतो हेच माणूस विसरतो. पण माणसाच्या येण्याजाण्याला मोकळीक असणं वेगळं आणि सामानाला मोकळीक असणं वेगळं. जयगावला आपलं सीमाशुल्काचं ठाणं आहे, सीमेवर सशस्त्र सीमा बलाचे जवान आहेत, आणि दोघांनाही तुमची बॅग उघडायला सांगण्याचा अधिकार आहे.

नियम काय म्हणतो? परदेशातून परत येताना माणशी दोन लिटर दारू करमुक्त, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. ते विमानाने येणाऱ्यांसाठी खरं आहे. जमिनीवरून येणाऱ्यांसाठी नाही, आणि तुमचा सगळा प्रश्न या एका फरकावर उभा आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांत नेपाळ, भूतान आणि म्यानमारसाठी वेगळं कलम होतं: तिथून येणाऱ्यांना सवलत कमी, आणि जो रस्त्याने येतो त्याला फक्त स्वतःच्या वापरातल्या वस्तूच करमुक्त. म्हणजे तुमचे स्वेटर, चपला, औषधं, कॅमेरा. नवी कोरी सीलबंद व्हिस्कीची बाटली ‘वापरातली वस्तू’ होत नाही, मग ती एक असो की सहा. त्यामुळे “किती बाटल्या आणता येतील” या तुमच्या प्रश्नाचं, तुमच्या वाटेपुरतं, उत्तर आहे: करमुक्त अशी एकही नाही.

भाऊजी कदाचित म्हणतील, भारत आणि भूतानमध्ये मुक्त व्यापार आहे. आहे, आणि फार जुना आहे, १९७२ च्या करारापासूनचा. पण तो व्यापाराचा करार. कागदपत्रांनिशी, परवान्यानिशी जो माल ये-जा करतो त्याच्यासाठी. प्रवाशाच्या पिशवीतली बाटली त्यात बसत नाही. शिवाय दारूवरचा कर आणि तिची वाहतूक हा आपल्या राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे, दिल्लीने सीमेवर सोडलं तरी पुढचं राज्य सोडेलच असं नाही. गोव्याहून परतताना बांदा-इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या का थांबवतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. गोव्यात ती बाटली रीतसर बिलावर घेतलेली असते, तरी महाराष्ट्राचा कर तिच्यावर भरलेला नसतो. जयगावमध्ये पाऊल ठेवताक्षणी भूतानची बाटली बंगालच्या अबकारी खात्याच्या नजरेत तशीच असते.

आणि आता तुमच्या परतीच्या तिकिटाकडे या. भाऊजींना वाटत असेल की आपण बंगालमधून बंगालमध्येच जातोय, जलपाईगुडीहून हावड्याला. नकाशा काढा आणि रेल्वेमार्गावर बोट फिरवा. न्यू जलपाईगुडी सोडल्यावर गाडी दक्षिणेकडे येते आणि किशनगंज लागतं. किशनगंज बिहारमध्ये आहे. पुढे पुन्हा थोडा बंगाल, मग बारसोई, तेही बिहारमध्येच, आणि मग मालदा. उत्तर बंगालची चिंचोळी पट्टी ओलांडताना रूळ बिहारच्या हद्दीत शिरतात, त्याला इलाज नाही. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून संपूर्ण दारूबंदी आहे. तिथे दारू पिणंच नव्हे, जवळ बाळगणं आणि नेणं हाही गुन्हा आहे. “आम्ही उतरलोच नाही, फक्त गाडीत झोपलो होतो” हे तिथल्या पोलिसाला सांगून उपयोग होत नाही. सासूबाईंच्या बॅगेत बाटली आणि मध्यरात्री किशनगंजला डब्यात तपासणी, हा प्रसंग भाऊजींनी एकदा डोळ्यांपुढे आणावा.

सासूबाई आणि नातवाच्या बॅगेबद्दल मी जरा कठोर बोलणार आहे. प्रत्येक प्रवाशाची सवलत त्याची त्याची असते, ती एकत्र करता येत नाही, हे नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. सात वर्षांच्या मुलाच्या नावावर दारू कुठल्याही कायद्यात बसत नाही. सासूबाई सज्ञान आहेत, पण त्यांना न सांगता त्यांच्या सामानात बाटली ठेवणं म्हणजे पकडलं गेल्यावर उत्तर द्यायला त्यांना पुढे करणं. आयुष्यभर वर्ध्यात राहिलेल्या बाईला एक्क्याऐंशीव्या वर्षी हे का बघायला लावायचं? जे काही न्यायचं ते ज्याला हवं त्याने स्वतःच्या बॅगेत, सर्वांना सांगून न्यावं.

‘कपड्यांत गुंडाळून’ हाही शब्द मला खटकला. फुटू नये म्हणून गुंडाळणं ठीक. लपवण्यासाठी गुंडाळली तर गोष्ट पालटते. सीमाशुल्क कायद्यात प्रवाशाने सामान स्वतःहून जाहीर करायचं असतं. ज्याने सांगितलं त्याला कर भरा, नाहीतर वस्तू इथेच सोडा, एवढं ऐकून पुढे जाता येतं. ज्याच्याकडे लपवलेली सापडली त्याची वस्तू जप्त होते, वर दंड. कायदा तोच, बाटली तीच, पण वागणूक अगदी वेगळी मिळते.

आणखी एका माणसाचा विचार करा, ज्याचा पत्रात उल्लेख नाही. फुंटशोलिंगहून किंवा जयगावहून तुम्हाला स्टेशनपर्यंत सोडणारा गाडीवाला. बेकायदा दारू गाडीत सापडली की बऱ्याच राज्यांच्या अबकारी कायद्यांत गाडीही जप्त होते. तुमची दोन बाटल्यांची हौस, आणि त्याची हप्त्यावर घेतलेली गाडी ठाण्याच्या आवारात महिनोन् महिने उभी. तो बिचारा पर्यटकांना “साहेब, डिकीत काय आहे” असं विचारतही नाही, कारण गिऱ्हाईक दुखावेल. त्याच्यासाठी म्हणून तरी नको.

विमानाने आलात तर मात्र चित्र बदलतं. भूतानच्या पारो विमानतळाहून बागडोगरा, कोलकाता आणि दिल्लीला विमानं येतात. त्या वाटेने सज्ञान प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू आणता येते, एकूण खरेदी सवलतीच्या रकमेत बसली तर. भूतानसाठी ही रक्कम २०१६ च्या नियमांत १५ हजार रुपये होती. सरकार या रकमा अधूनमधून बदलतं, म्हणून निघण्याआधी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर ताजा आकडा बघून घ्या. दोन लिटर म्हणजे किती, यात लोक फसतात. साडेसातशे मिलीच्या दोन बाटल्या झाल्या की दीड लिटर झालं, तिसरी घेतली की सव्वादोन लिटर. आणि हिशोब द्रवाचा आहे, कडकपणाचा नाही: बिअरही त्यातच मोजतात, वाइनही. द्रुक ११००० बिअरच्या मोठ्या साडेसहाशे मिलीच्या तीन बाटल्या घेतल्या की तुमचे दोन लिटर जवळपास भरलेच. विमानतळावरच्या ड्यूटी-फ्री दुकानातली खरेदीही याच दोन लिटरमध्ये धरतात, वेगळी नाही.

विमानात आणखी एक अट असते आणि ती सुरक्षेची आहे. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली दारू माणशी पाच लिटरपर्यंतच, आणि दुकानातल्या मूळ सीलबंद बाटलीतच. ७० च्या वर असेल तर अजिबात नाही. हातातल्या बॅगेत शंभर मिलीच्या वरचं द्रव चालत नाही, म्हणून पारोला बाटली चेक-इन बॅगेतच टाका. विमानतळावर सीलबंद पिशवीत घेतली असेल तर ती पिशवी घरी पोहोचेपर्यंत फोडू नका, आणि कोलकात्याला देशांतर्गत विमान पकडण्याआधी ती चेक-इनच्या सामानात घाला.

या अटीत तुमच्या दिरांची आरा बसत नाही. आरा म्हणजे भात, मका, गहू किंवा जवापासून घरोघरी गाळलेली दारू. पूर्व भूतानात ती यजमानाच्या आतिथ्याचा भाग आहे. थंडीत ती कोमट करून, कधी लोण्यात परतलेलं अंडं घालून लाकडी वाटीतून देतात. वर तरंगणारं तूप, अंड्याचे तुकडे, तांदळाचा आंबूस वास. पहिल्या घोटाला हे सूप आहे की दारू, असा प्रश्न पडतो. वाटी रिकामी झाली की लगेच भरतात. नको असेल तर तोंडावर हात धरून “मेशु, मेशु” म्हणायचं, एकदोनदा आग्रह होतोच. ही चीज पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून आणली तर तिच्यावर ना लेबल, ना किती टक्के याची नोंद, ना बिल. विमान कंपनी घेणार नाही, आणि कस्टम्सच्या माणसापुढे त्या बाटलीत काय आहे हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. आणि खरं सांगू, वर्ध्यात स्टीलच्या पेल्यात गार झालेली आरा ही आरा राहत नाही. दिरांना ती हवीच असेल तर गावाकडच्या घरात उतरण्याची सोय बघा, संध्याकाळी यजमानांबरोबर चुलीशेजारी बसू द्या. ऑक्टोबरात तिथे थंडी असतेच.

के-५ बद्दल. ती भूतानच्या लष्कराच्या कल्याण प्रकल्पात तयार होते, पाचव्या राजांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने बाजारात आली, म्हणून ते नाव. तिच्याबद्दलचं कुतूहल मला समजतं. पण पुतण्या तेवीस वर्षांचा आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१, आणि व्हिस्कीसारख्या कडक दारूसाठी २५. वर पिण्याचा आणि बाळगण्याचा परवाना लागतो तो वेगळाच. म्हणजे तुम्ही सगळे नियम पाळून, विमानाने, बिलासकट आणलेली बाटलीही पुण्यात त्याच्या हाती कायद्याने देता येत नाही. दोन वर्षं थांब म्हणावं, आणि तेव्हा स्वतःच जा.

राहिला तुमचा पत्ता. गांधीजींच्या सेवाग्रामचा जिल्हा म्हणून वर्ध्यात कित्येक दशकं दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी मोडणारे सगळीकडे असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण नागपूरच्या विमानतळावर पूर्णपणे कायदेशीर असलेली बाटली घेऊन तुम्ही गाडीने निघालात आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली, की त्या क्षणापासून ती बेकायदा झाली. म्हणून विमानाने येऊन कुणी हौसेने आणलीच, तर ती नागपूरच्या परवानाधारक, पंचविशी ओलांडलेल्या नातेवाइकाकडे बिलासकट ठेवावी. घरी आणू नये. माझं स्पष्ट मत विचाराल तर तुमच्या कुटुंबाने या सहलीत एकही बाटली आणू नये, जमिनीवरूनही नको आणि विमानानेही नको. जी चव घ्यायची ती थिम्पूत, पारोत घ्या. तिथे ती स्वस्त आहे, ताजी आहे, आणि प्यायला कुणाची ना नाही.

रिकाम्या हाताने या असं मी म्हणत नाही. पिण्याचंच काही आणायचं तर भूतानचा चहा बघा. ट्रोंगसाकडच्या समचोलिंग गावचा हिरवा चहा थिम्पूत मिळतो, हलका असतो, वर सांगितलेल्या एकाही नाक्यावर तो कुणाला अडवणार नाही. द्रुकचं संत्र्याचं स्क्वॅश आणि जॅमही पर्यटक आवडीने घेतात. काटेकोरपणे बघितलं तर रस्त्याने येताना तीही ‘नवी वस्तू’च, म्हणून थोडीच घ्या, बिल ठेवा, आणि कुणी विचारलं तर बॅग उघडून सरळ दाखवा. बाजारात ‘यार्सागुंबा’ नावाची वाळकी अळीसारखी जडीबुटी कुणी औषध म्हणून पुढे केली तर घेऊ नका, तिला नेण्यासाठी वेगळे कागद लागतात. रोपं आणि बियाही नकोत.

परतताना फुंटशोलिंगच्या इमिग्रेशनमध्ये सहाही जणांची बाहेर पडल्याची नोंद झाली आहे ना, हे एकदा बघा. घाईत टूर मॅनेजर म्हणतो “चला, झालं”, आणि एखाद्याची राहून जाते. पुढच्या वेळी त्याच माणसाने परमिट मागितलं की मागची नोंद उघडी दिसते. सासूबाईंना कमानीजवळच्या बाकावर बसवा, पाण्याची बाटली हातात द्या, आणि तुम्ही स्वतः सगळ्यांची कार्डं घेऊन खिडकीवर उभ्या राहा. भाऊजींच्या हातात नातवाचा हात द्या.